निर्वस्त्रांचा दस्तूर

परदेशची सहल आटोपून परतलेल्या मंडळींच्या बैठकीत, आल्प्सच्या बर्फाचे, स्वित्झर्लंडच्या वक्तशीर गाड्यांचे आणि पॅरिसच्या महागाईचे यथासांग वर्णन संपल्यावर, आवाज थोडासा खाली उतरतो, मुलांना काही निमित्ताने आतल्या खोलीत धाडले जाते, आणि मग जर्मनीच्या किंवा फ्रान्सच्या कोण्या किनाऱ्यावर विवस्त्र स्त्रीपुरुष कसे बिनदिक्कत वावरत होते याचा वृत्तांत, सांगणाऱ्याच्या शब्दांतला धिक्कार आणि डोळ्यांतली चमक यांच्या संमिश्र साथीने, सादर होतो. वृत्तांताला माझी हरकत नाही. माणूस प्रवासाला जातो तो पाहण्यासाठीच. हरकत आहे ती वृत्तांताच्या अखेरीस हटकून येणाऱ्या सिद्धांताला.

तो सिद्धांत असा: ज्यांनी आपण होऊन लाज सोडली त्यांची लाज आम्ही का राखावी? जिथे अंगावर चिंधी नाही तिथे शिष्टाचार कसला आणि संकेत कसले? त्यांनी दाखवले, आम्ही पाहिले. उघड्यावर होते म्हणून छायाचित्र घेतले. आणि एवढे सगळे पाहूनही आम्ही मात्र आमच्या संस्कृतीला जागून, सदऱ्याची एकही गुंडी न काढता, त्या मेळ्यातून ताठ मानेने चालत गेलो, याबद्दल आम्हांला कोणी बोल लावण्याऐवजी शाबासकीच द्यायला हवी. हे बोलणारे कोणी उनाड टवाळखोर नसतात. निवृत्त अंमलदार, नामांकित वैद्य, शिक्षणसंस्थांचे विश्वस्त अशी ही प्रतिष्ठित मंडळी असतात, आणि त्यांच्या स्वतःच्या घरी चपला बाहेर काढल्याखेरीज उंबरठा ओलांडण्याची कोणाची प्राज्ञा नसते. परक्याच्या उंबरठ्यालाही असाच काही दस्तूर असेल, ही शंका मात्र त्यांना शिवत नाही. हे मत असभ्य आहे म्हणून मला त्याचा संताप येतो असे नव्हे. ते अडाणी असून सुसंस्कृतपणाची शाल पांघरून हिंडते, म्हणून येतो.

या मताचा पायाच मुळात खोटा आहे. नग्न किनारा म्हणजे नियमांचा अभाव, असे ते गृहीत धरते. प्रत्यक्षात पर्यटकाच्या वाट्याला येणाऱ्या सार्वजनिक जागांत इतकी काटेकोर नियमबद्ध जागा क्वचितच आढळेल. बाल्टिक समुद्राच्या कोणत्याही जर्मन किनाऱ्यावर जाऊन पाहावे. वाळूचा कोणता पट्टा विवस्त्रांचा, कोणता वस्त्रधारींचा आणि कोणता कुत्री घेऊन येणाऱ्यांचा, हे पाट्या लावून मुक्रर केलेले असते. वस्त्रधारींच्या पट्ट्याला तिथे सरळ कापडाचा किनारा म्हणतात. विवस्त्रांच्या पट्ट्यात बसायचे तर आपला टॉवेल अंथरून बसायचे. दुसऱ्याच्या अंथरुणाला खेटून बसायचे नाही. कोणाकडे टक लावून पाहायचे नाही. कॅमेरा पिशवीतून बाहेर काढायचा नाही. बोलायचे तर हवापाण्याविषयी, शरीराविषयी नव्हे. आणि त्या पट्ट्याची हद्द ओलांडून खाद्यपदार्थांच्या टपरीकडे जायचे झाले तर अंगावर काहीतरी चढवून जायचे. कामुक वर्तनाचा तर प्रश्नच नाही. जर्मन दंडसंहितेच्या १८३व्या कलमान्वये, दुसऱ्याला उपद्रव होईल असे अंगप्रदर्शन करणाऱ्या पुरुषाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. फ्रान्समध्येही लैंगिक प्रदर्शनाला एक वर्ष कैद आणि १५,००० युरो दंड अशी शिक्षा सांगितलेली आहे. म्हणजे नुसते नग्न असणे आणि नग्नतेचा दुरुपयोग करणे यांतला जो भेद आमच्या विद्वान प्रवाशांच्या ध्यानात येत नाही, तो त्या देशांच्या कायदेकारांनी कलमे घालून स्पष्ट केलेला आहे.

आता, ही माणसे कोण? आमच्या बैठकीतल्या समजुतीप्रमाणे ती चंगीभंगी, विषयासक्त, दारूच्या अंमलाखाली असलेली असावीत. इतिहास असा आहे की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत, कारखान्यांच्या धुराने आणि कोंदट चाळींनी गांजलेल्या शहरांत, ऊन, हवा आणि पाणी यांच्याकडे परत फिरा असे सांगणारी जी जीवनसुधारणेची चळवळ उभी राहिली, तिच्यातूनच ही मुक्तकाय संस्कृती जन्मली. आणि त्या चळवळीतले पुष्कळ लोक शाकाहारी होते, मद्य आणि तंबाखू यांचे कट्टर वैरी होते, आणि पहाटे उठून व्यायाम करीत. आमच्याकडच्या एखाद्या सोवळ्या आजोबांना त्यांच्या दिनचर्येत धोतराच्या अभावाखेरीज आक्षेप घेण्याजोगे फारसे काही सापडले नसते. झ्युल्ट बेटावर १९२० साली जर्मनीतला पहिला अधिकृत नग्न किनारा सुरू झाला. फ्रान्सच्या ईल द्यु लव्हाँ बेटावर १९३१ साली हेलिओपोलिस नावाची नग्नवस्ती वसवली ती गास्ताँ आणि आंद्रे द्युर्विल या दोघा डॉक्टर बंधूंनी, आणि तीही प्रकृतिस्वास्थ्याच्या हेतूने. (आमच्याकडे र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' काढून त्याच्या मुखपृष्ठांवर नग्न चित्रे छापली, तीही स्वास्थ्याच्याच नावाखाली, आणि खटल्यांना तोंड देत मरेपर्यंत ते मासिक चालवले. पण कर्व्यांचे नाव आम्हांला जयंतीपुरते हवे असते.)

नग्नतेला राष्ट्राच्या नीतीवरचे संकट ठरवणारेही युरोपात होऊन गेले. १९३३ सालच्या मार्चमध्ये, नाझींच्या हाती सत्ता येऊन दोन महिनेही झाले नव्हते तोच, त्यांचा नेता हर्मन गोअरिंग याने प्रशियात या मुक्तकाय संस्कृतीविरुद्ध हुकूम काढला, आणि जर्मन संस्कृतीला व नीतिमत्तेला असलेल्या मोठ्या धोक्यांत तिची गणना केली. नीतीची चाड बाळगणाऱ्या आमच्या सज्जनांनी आपण कोणाच्या शब्दांत बोलत आहोत याचा एकदा शोध घ्यावा. पुढे पूर्व जर्मनीतल्या राजवटीनेही १९५४ साली बाल्टिकच्या काठी मज्जाव करून पाहिला. लोकांनी तो जुमानला नाही, आणि १९५६ साली सरकारला, ठरावीक आणि पाट्या लावलेल्या जागी मुभा देणारा हुकूम काढावा लागला. ज्या राज्यात माणसाला आपल्या मर्जीने सरहद्द ओलांडता येत नव्हती, त्या राज्यातल्या प्रजेने भांडून मिळवलेल्या मोजक्या सवलतींपैकी ही एक आहे. तिच्याकडे कोणी सहलीच्या बसमधून उतरून खिदळत पाहावे, हे त्या लोकांना झोंबत असेल तर नवल काय?

पण आमच्या सिद्धांत्यांचा खरा भरवसा इतिहासावर नसून एका युक्तिवादावर आहे: जो उघडा बसतो तो पाहण्याची परवानगी देतोच. हा युक्तिवाद ऐकला की मला नाशिकचा रामकुंड आणि पंढरपूरचे वाळवंट आठवते. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या आयाबहिणींनी गोदावरीत आणि चंद्रभागेत, उघड्या आकाशाखाली, हजारो परक्या पुरुषांच्या देखत स्नाने केली, ओल्या लुगड्यांनी काठावर आल्या, तिथेच वस्त्रे बदलली. त्या सर्वांनी 'पाहण्याची परवानगी' दिलेली होती काय? घाटावर टक लावून उभ्या राहिलेल्या इसमाला तिथल्या लोकांनी काय म्हटले असते आणि बहुधा काय केलेही असते, हे मी सांगायला नको. तिथे दृष्टी खाली घालून जाणे हा पुरुषाचा धर्म होता आणि तो कोणी पाटीवर लिहिलेला नव्हता. मग तोच धर्म जर्मन वाळूवर पाऊल ठेवताच लोपतो कसा? समोरची बाई परकी, गोरी आणि परभाषी आहे, एवढ्या एका कारणाने ती डोळ्यांच्या मर्यादेबाहेर पडते, असे म्हणायचे असेल तर स्पष्ट म्हणावे. मात्र त्याला संस्कृतीचे नाव देऊ नये.

आणि आमच्या संस्कृतीला नग्नता ठाऊक नाही, ही थाप तरी किती काळ मारायची? मराठीच्या आद्य लेखांत ज्याची गणना होते तो श्रवणबेळगोळचा शिलालेख, सुमारे ५७ फूट उंचीच्या पूर्ण दिगंबर गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेला आहे. आपल्या भाषेच्या आरंभीच्या अक्षरांनी जिथे ठाण मांडले, ती जागा एका विवस्त्र पुरुषाच्या चरणांशी आहे, आणि गेल्या हजार वर्षांत त्यावरून कोणाच्या नीतीला तडा गेल्याचे ऐकिवात नाही. दिगंबर मुनी आजही सांगली-कोल्हापूरच्या रस्त्यांनी विहार करतात आणि पोलिसांपासून पानवाल्यापर्यंत सगळे हात जोडतात. सिंहस्थात नागा साधू त्र्यंबकेश्वरी स्नानाला निघतात तेव्हा सरकार बंदोबस्त ठेवते तो गर्दीला आवरण्यासाठी. हे सारे वैराग्याच्या पोटी आहे आणि ते उन्हाच्या हौसेपोटी, हा फरक मला मान्य आहे. पण त्यातून निष्कर्ष काय निघतो? एवढाच, की नग्नता कुठे, कोणाची, कशासाठी आणि कोणत्या मर्यादेत, हे प्रत्येक समाज ठरवीत असतो, आणि आपणही ठरवलेले आहे. मग दुसऱ्यांनी ठरवलेले आपल्याला कळत नाही हा बहाणा कसा चालावा?

छायाचित्रांचे प्रकरण तर याहून गंभीर आहे. 'सार्वजनिक जागा आहे, कोणीही फोटो काढावा' असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी बिस्मार्कच्या मृत्यूची हकिकत वाचावी. १८९८ सालच्या जुलैमध्ये फ्रीड्रिशरूह येथील वाड्यात जर्मन साम्राज्याचा हा शिल्पकार मरण पावला, आणि त्याच रात्री दोन छायाचित्रकारांनी वाड्यात शिरकाव करून घेऊन मृतदेहाचे छायाचित्र टिपले व ते विकायला काढले. कुटुंबाने फिर्याद केली. छायाचित्रांच्या काचा जप्त झाल्या. परंतु माणसाचा आपल्या प्रतिमेवर हक्क आहे असे स्वच्छपणे सांगणारे कलम तोवर कायद्यात नाही, ही उणीव त्या खटल्याने उघडी पडली. १९०७ साली ती भरून काढणारा कायदा आला, आणि कोणाचेही छायाचित्र त्याच्या संमतीवाचून प्रसृत करू नये हा त्यातला दंडक आजतागायत अमलात आहे. निसर्गदृश्याच्या ओघात माणूस केवळ आनुषंगिक म्हणून आला असेल तर त्या कायद्यात सवलत आहे खरी. पण आमच्या प्रवाशांच्या मोबाइलमधली ती छायाचित्रे, ज्यांत समुद्र चित्राच्या कोपऱ्यात बोटभर दिसतो आणि बाकी सारी चौकट कोणा अपरिचित स्त्रीने व्यापलेली असते, ती निसर्गदृश्ये आहेत असे कोणत्या न्यायाधीशाला पटवून देणार? आणि सहलीच्या व्हॉट्सअॅप गटावर ती टाकणे म्हणजे प्रसृत करणे नव्हे, तर दुसरे काय? मृत बिस्मार्कला जे संरक्षण मिळाले नव्हते ते आज तिथल्या कोणत्याही जिवंत आजीबाईला आहे.

राहिला प्रश्न गुंड्या न काढता ताठ मानेने केलेल्या त्या संचलनाचा. आमच्या मंडळींना वाटते की कपड्यांनिशी नग्नांमध्ये फिरणे हा सभ्यतेचा विजय आहे. तिथल्या लोकांच्या लेखी तोच खरा असभ्यपणा आहे, कारण सर्वांनी उघडे असावे आणि म्हणून कोणी कोणाकडे पाहू नये या समतेवर तो पट्टा उभा असतो. वस्त्रधारी बघ्या ती समता मोडतो आणि मंडळीचे रूपांतर प्रदर्शनात करतो. म्हणूनच बाल्टिककाठच्या रोस्टॉक नगरीने २०२४ साली आपल्या किनाऱ्यांचे नवे नियम केले, त्यांत नग्नस्नानाच्या पट्ट्यात वस्त्रे घालून ठाण मांडणाऱ्याला तिथून जायला सांगण्याची तजवीज केली. जपानच्या बहुतेक ओन्सेनमध्येही, म्हणजे गरम झऱ्यांच्या स्नानगृहांतही, स्नानवस्त्र घालून कुंडात उतरणे निषिद्धच आहे. ज्याला कपडे उतरवायचे नाहीत त्याच्यावर कोणी सक्ती करीत नाही. त्याने शेजारच्या पट्ट्यात जावे. त्यात कसलाही कमीपणा नाही. कमीपणा आहे तो आपला संकोच दुसऱ्याच्या अंगणात मिरवण्यात.

याच्या नेमके उलट टोक गाठणारी एक तरुण जात अलीकडे उदयाला आली आहे, तिचाही हिशेब करणे प्राप्त आहे. 'युरोपात काय, सगळे चालते', या भरवशावर ही मंडळी जिथे तिथे मोकळी होतात. सगळे कुठेच चालत नाही. बार्सिलोना शहराने २०११ साली रस्त्यावरच्या नग्नतेला दंड लावला, आणि किनारा सोडून नुसत्या पोहण्याच्या पोशाखात शहरात भटकणाऱ्यालाही सोडले नाही. स्वित्झर्लंडच्या आपेन्झेल इनररोडेन या चिमुकल्या प्रांतात नग्न होऊन डोंगर चढायला येणाऱ्यांचा ताप इतका वाढला की २००९ साली तिथल्या नागरिकांनी चौकातल्या सभेत हात वर करून ते बंद केले आणि २०० फ्रँकचा दंड ठरवून टाकला. ब्राझीलच्या किनाऱ्यावर बोटभर रुंदीचे वस्त्र चालते, पण स्त्रीने वरचे वस्त्र काढले तर पोलीस येतात. युझेडोम बेटावर तर जर्मनी आणि पोलंड यांची सरहद्द वाळूतूनच जाते. २००७ च्या अखेरीस ती खुली झाल्यावर पोलिश कुटुंबे फिरत फिरत जर्मन बाजूला येऊ लागली आणि उघड्या जर्मनांना पाहून खजील झाली, त्याची पुरेशी चर्चा त्या वेळी वृत्तपत्रांत झाली होती. एकाच समुद्राच्या, एकाच वाळूवरच्या, शेजारी ख्रिस्ती राष्ट्रांची ही कथा. आणि आम्ही 'फॉरेन' या एका शब्दात त्यांची मोट बांधून मोकळे होतो!

'पण गोरे लोक आमच्याकडे येऊन काय करतात?' हा शेवटचा बाण मला ठाऊक आहे, आणि तो अगदीच बोथट आहे असे मी म्हणणार नाही. बोर्निओतल्या किनाबालू पर्वतावर, जो तिथल्या कदाझान-दुसून लोकांना पितरांचे विश्रामस्थान म्हणून पूज्य आहे, २०१५ सालच्या मे महिन्यात काही पाश्चात्त्य प्रवाशांनी शिखराजवळ वस्त्रे फेडून छायाचित्रे काढली. सहाच दिवसांनी तिथे भूकंप होऊन १८ माणसे मेली, आणि स्थानिकांनी त्याचा संबंध त्या विटंबनेशी जोडला. भूगर्भशास्त्र काय म्हणते ते सोडून द्या. कोर्टाने चौघांना तीन दिवस कैद आणि ५,००० रिंगिट दंड ठोठावला तो भूकंपाबद्दल नव्हे, सार्वजनिक असभ्यतेबद्दल. गोव्यातल्या हणजूण आणि वागातोरच्या किनाऱ्यांवर हिप्पींनी साठ-सत्तरच्या दशकांत जे केले तेही याच जातीचे होते. जिथे रापण ओढली जाते, जाळी वाळतात, कोळणी मासळीचे वाटे करतात, तिथे, त्या गावाला न विचारता, आपल्या मुक्तीचा प्रयोग मांडणे ही शुद्ध अरेरावी होती. आणि नग्नतेला आजही तिथे कायद्याने मज्जाव आहे तो योग्यच आहे.

परंतु त्या अरेरावीचे उट्टे बाल्टिकच्या काठी काढता येते, हा कोठला न्याय? किनाबालूवर उघडे होणारा आणि रोस्टॉकजवळ झुडपाआडून मोबाइल रोखणारा, हे दोघे एकमेकांचे शत्रू नव्हेत, सख्खे भाऊ आहेत. परका किनारा बेवारस आहे, तिथल्या लोकांनी ठरवलेले आपल्याला लागू नाही, आपण तिकिटाचे पैसे मोजले आहेत तेव्हा आपली मर्जी हाच तिथला अंमल, ही दोघांचीही समजूत अक्षरशः एकच आहे; एकाने वस्त्र काढले आणि दुसऱ्याने ठेवले, एवढ्याने त्यांतला एक सुसंस्कृत ठरत नाही. आणि उट्टे काढायचेच म्हटले तर आपली बाजू तरी कुठे स्वच्छ आहे? परकीय स्त्रियांना पोहताना पाहण्यासाठी बसगाड्या भरभरून कळंगुटच्या वाळूवर उतरणारे पुरुष कोणत्या राष्ट्रातून येत होते, हे गोव्यात कोणालाही विचारावे. २०२३ सालच्या जानेवारीत गोव्याच्या पर्यटन खात्याला लेखी सूचना काढावी लागली, की ऊन खात पडलेल्या किंवा समुद्रात पोहणाऱ्या परक्या प्रवाशांची छायाचित्रे त्यांच्या परवानगीशिवाय काढू नयेत. आपल्याच देशात, आपल्याच किनाऱ्यावर, आणि तीही माणसे अंगावर वस्त्रे असलेली! ज्या समाजाला स्नानवस्त्रातल्या बाईकडे पाहण्याचा शिष्टाचार सरकारी खात्याकडून शिकावा लागतो, त्याच्या प्रतिनिधींनी विवस्त्रांच्या निर्लज्जपणावर परिसंवाद भरवावेत, हा विनोद आपल्या लक्षात येत नसला तरी इतरांच्या येतो.

लाज त्यांनी सोडलेली नाही. त्यांनी ती आपल्या पद्धतीने बांधून ठेवली आहे, पाट्यांनी, टॉवेलांनी, खाली वळवलेल्या नजरांनी आणि पिशवीत ठेवलेल्या कॅमेऱ्यांनी, आणि ती राखण्याची जबाबदारी त्या पट्ट्यात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकावर आहे, मग तो श्लेस्विगचा असो की सदाशिव पेठेतला. हे ज्याला मान्य नाही त्याने रोस्टॉकच्या वार्नेम्युंडे स्थानकावर उतरल्यावर आधी पाटी वाचावी आणि कापडवाल्यांच्या बाजूला वळावे. तो पट्टा ऐसपैस आहे, तिथे आइसक्रीम मिळते, आणि समुद्र तिथूनही तेवढाच दिसतो.